कंपवातातील नेत्रचलन

कंपवात (पार्किन्सन आजार) झालेल्या माणसाच्या डोळ्यांच्या हालचालींत होणारे बदल. हात थरथरणे, चाल मंदावणे, अंग ताठरणे ही या आजाराची ओळखीची लक्षणे. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली त्याचे पहिले सविस्तर वर्णन केले, तेव्हा ज्ञानेंद्रिये शाबूत राहतात असे त्यांनी लिहून ठेवले होते. डोळ्यांकडे आजही उशिरा लक्ष जाते, कारण तक्रार वेगळ्याच शब्दांत येते : ‘चष्मा बदलायला झालाय’, ‘पेपर वाचवत नाही’, ‘ओळ सुटते’. नंबर तपासावा तर तो पुष्कळदा बरोबर निघतो. तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचणारा माणूस घरी पेपरातला एक रकाना पुरा करू शकत नाही. एकामागून एक चष्मे होतात आणि घरच्यांना वाटते, यांना वाचायचा कंटाळाच आलाय. तो कंटाळा नसतो.

वाचताना नजर ओळीवरून सरळ सरकत नाही, ती सेकंदाला साधारण तीन अशा उड्या घेत जाते. या उडीला सॅकेड म्हणतात. कंपवातात ही उडी आखूड पडते. तपासताना डॉक्टर एका बाजूला बोट आणि दुसऱ्या बाजूला पेन धरतात व आळीपाळीने दोन्हींकडे बघायला सांगतात. निरोगी डोळा एका झेपेत पेनावर पोचतो. कंपवाताचा डोळा निघतो, वाटेत थबकतो, पुन्हा एक छोटी उडी घेतो, कधी तिसरीही, आणि मग पोचतो. जवळून बघितले तर हे टप्पे नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. सही करताना अक्षर बारीक होत जाते, पाऊल तोकडे पडते, तोच आखूडपणा बुबुळात उतरलेला असतो.

समोर अचानक काही चमकले तर नजर तिकडे बऱ्यापैकी वळते. आपल्या मनाने, आठवणीने किंवा सांगितल्याच्या उलट दिशेला बघायचे असेल, तर जास्त अडते. दादरच्या फलाटावर हे रोज अनुभवाला येते. इंडिकेटरवर गाडी कुठली, किती वाजताची, स्लो की फास्ट, हे तीन ठिकाणी नजर टाकून टिपायचे असते. मधेच लिपी बदलते, आणि तिसऱ्या जागी नजर पोचेपर्यंत पहिली पाटी निघून गेलेली असते. धावत्या बसमागे नजर ठेवणेही जड जाते. डोळा मागे पडतो आणि छोट्या उड्या घेत तिला गाठतो.

याचे मूळ मेंदूच्या तळाशी असलेल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर भागात आहे. त्याचा एक भाग डोपामिन हे हालचालींना लागणारे रसायन पुरवतो. दुसरा भाग नजरेच्या उड्या घडवणाऱ्या सुपीरिअर कॉलिक्युलस या केंद्राला एरवी दाबून धरतो आणि उडीच्या क्षणापुरता सैल सोडतो. ही यंत्रणा हिकोसाका आणि वुर्ट्झ या शास्त्रज्ञांनी १९८३ साली माकडांवरील प्रयोगांतून दाखवली. डोपामिन कमी झाले की दाब पुरता सैल होत नाही.

दोन्ही डोळे नाकाकडे वळवून जवळचे बघणे, हे याच आजारात बिघडणारे आणखी एक काम. मग ताटातली वाटी एकाच्या दोन दिसते, मात्र एक डोळा झाकला की एकच राहते. पापण्यांची उघडझापही घटते. एरवी ती मिनिटाला १५ ते २० वेळा होते. ती कमी झाली की डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, आणि बघणाऱ्याला माणूस टक लावून बसल्यासारखा वाटतो. काहींच्या पापण्या मिटल्या की चटकन उघडत नाहीत.

एक फरक मात्र डॉक्टरांनी आणि घरच्यांनीही पक्का ध्यानात ठेवावा. वर-खाली बघण्याची उडी संथ होत असेल, विशेषतः जिना उतरताना खाली बघताच येत नसेल आणि आजाराच्या पहिल्या वर्षभरातच माणूस वारंवार, बहुधा पाठीमागे, पडत असेल, तर हा कंपवात नसून प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी असू शकते. १९६४ साली वेगळा ओळखला गेलेला हा आजार कंपवातासारखाच दिसतो, पण लेव्होडोपा या कंपवातावरच्या नेहमीच्या औषधाच्या गोळ्यांना फारशी दाद देत नाही. कंपवातात उडी आखूड असली तरी तिचा वेग बहुधा टिकून असतो.

मुंबईत केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत न्यूरॉलॉजीचे बाह्यरुग्ण विभाग आहेत. पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी ही २००१ सालची संस्था शहरात सहायता गट चालवते. मराठी गटांत रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. ‘पेशंट’पेक्षा हे शब्द खूपच आपुलकीचे आहेत.

उपाय साधे असतात. कोरड्या डोळ्यांना कृत्रिम अश्रूंचे थेंब, दुहेरी दिसण्यावर प्रिझमची काच, ओळ सुटू नये म्हणून तिच्याखाली धरलेली फूटपट्टी. रेल्वेचा पूल चढता-उतरता बायफोकल चष्म्याची खालची काच पायऱ्या धूसर करते, म्हणून वाचायचा आणि चालायचा चष्मा वेगळा ठेवलेला बरा. कंपासाठी दिलेल्या ट्रायहेक्सिफेनिडिलसारख्या गोळ्यांनी जवळचे अंधुक दिसू शकते, आणि काचबिंदूचा धोका असलेल्यांनी त्या घेण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारायलाच हवे. लेव्होडोपाचा असर ओसरला की नजरही मंदावू शकते. नंबर काढायला म्हणूनच गोळी लागू झालेल्या वेळी जावे आणि ती किती वाजता घेतली, हे चष्म्याच्या चिठ्ठीवर लिहून घ्यावे.