एका शहरात दोन बिशप : मुंबईतील पद्रोआदो–प्रोपगांडा वादाची पार्श्वभूमी

दादरमध्ये गोखले रस्त्यावर ‘पोर्तुगीज चर्च’ नावाचा थांबा आहे. चर्चचे खरे नाव ‘साल्व्हासांव’, म्हणजे तारणमाता. आजची इमारत चार्ल्स कोरिया यांनी १९७०च्या दशकात उभारलेली आहे आणि तिच्यात जुन्या पोर्तुगीज वास्तूची खूण शोधूनही सापडत नाही. पोर्तुगीजांनी मुंबई बेट सोडले ते १६६५ साली. तरीही हे नाव लोकांच्या तोंडी राहिले, कारण इंग्रजी अमलातही या चर्चचा कारभार गोव्याच्या आर्चबिशपकडे होता आणि गोव्याचा आर्चबिशप नेमण्याचा अधिकार पोर्तुगालच्या राजाकडे. त्याच शहरातली दुसरी काही चर्चे थेट रोमने पाठवलेल्या बिशपच्या हाताखाली होती. श्रद्धा एक, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) एक, लॅटिन भाषा एक, पण बिशप मात्र दोन, अशी ही स्थिती १७९४ पासून १९२८ पर्यंत टिकली.

यातले दोन शब्द आधी उलगडावे लागतात. ‘पद्रोआदो’ म्हणजे आश्रयदातृत्व. पूर्वेकडच्या प्रदेशांत चर्चे बांधावीत, धर्मगुरूंचा खर्च सोसावा आणि त्या बदल्यात बिशपपदासाठी नावे सुचवावीत, असा हक्क पंधराव्या व सोळाव्या शतकांतील पोपनी पोर्तुगालच्या राजाला दिला होता. गोव्याचा धर्मप्रांत (बिशपच्या अधिकाराखालचा प्रदेश) आणि वसई–साष्टीतील धर्मग्रामे (एकेका चर्चच्या कक्षेतले भाग) याच व्यवस्थेत उभी राहिली. ‘प्रोपगांडा’ हे श्रद्धाप्रसारासाठी १६२२ साली रोममध्ये स्थापन झालेल्या खात्याचे नाव आहे. आज या शब्दाला चिकटलेला अपप्रचाराचा अर्थ पुष्कळ नंतरचा असून या वादात तो अभिप्रेत नाही. राजाला न विचारता मिशनरी पाठवता यावेत यासाठी या खात्याने ‘व्हिकर अपोस्टोलिक’ हे पद वापरले. या पदावरील व्यक्तीला बिशपचे सर्व अधिकार असत, पण तिच्या नावे रीतसर धर्मप्रांत नसे, त्यामुळे राजाच्या हक्काला कागदोपत्री धक्का लागत नसे. आपल्या भागात या पदावर आलेली पहिली व्यक्ती गोव्यातल्या दिवाडी बेटावरची, ब्राह्मण कुळातली होती, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. १६३७ साली बिशप झालेल्या या धर्मगुरूंना आदिलशाही मुलूख सोपवण्यात आला आणि गोव्याच्या आर्चबिशपांशी त्यांचे कधी जमले नाही. पुढच्या सगळ्या भांडणाचे बीज इथेच दिसते.

मुंबईत या भांडणाला ईस्ट इंडिया कंपनीचा हात लागला. गोव्याशी निष्ठा बाळगणारे पाद्री आपल्या बेटावर नकोत म्हणून कंपनीने १७२० साली त्यांना बाहेर काढले आणि व्हिकर अपोस्टोलिकच्या हाताखालील कार्मेलाईट संन्याशांकडे चर्चे दिली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा उत्तर कोकणातले युरोपीय संन्यासी निघून गेले. मागे राहिलेली धर्मग्रामे गोव्याहून आलेल्या देशी धर्मगुरूंनी सांभाळली. मठ ओस पडले, कित्येक चर्चची छपरे गेली, तरीही वसईच्या गावांतून बाप्तिस्मे आणि लग्ने होत राहिली, ती या धर्मगुरूंमुळेच. त्यांच्याविषयीचा हा जिव्हाळा पुढच्या शतकात कोण कोणत्या बाजूला उभा राहिला हे समजण्यासाठी ध्यानात ठेवावा लागतो. कंपनीने मात्र १७८९ साली मुंबईची चर्चे गोव्याच्या आर्चबिशपकडे परत दिली, तक्रारी आल्यावर १७९१ साली ती पुन्हा कार्मेलाईटांकडे सोपवली आणि अखेर १७९४ साली दोघांत वाटून टाकली. कॅथलिकांनी कोणत्या बिशपला मानावे याचा निर्णय प्रॉटेस्टंट व्यापाऱ्यांच्या कचेरीत झाला आणि त्या निर्णयाने घातलेली रेघ एकशे चौतीस वर्षे पुसली गेली नाही.

ही रेघ सर्वांत खोल गेली ती १८३८ सालच्या निर्णयाने. पोर्तुगालमध्ये यादवी युद्धानंतर सत्तेवर आलेल्या उदारमतवादी सरकारने १८३४ साली संन्याशांचे सगळे संघ बरखास्त केले आणि रोमशी संबंध तुटले. हिंदुस्थानातील पद्रोआदोची बिशपपदे आधीच वर्षानुवर्षे रिकामी होती. अशा वेळी २४ एप्रिल १८३८ रोजी पोपनी ‘मुल्ता प्रेक्लारे’ या शब्दांनी सुरू होणारे आज्ञापत्र काढले. त्यानुसार कोचीन, क्रांगानोर आणि मैलापूर या पद्रोआदोच्या धर्मप्रांतांचे अधिकार काढून घेण्यात आले व तिथले कॅथलिक व्हिकर अपोस्टोलिकांच्या हवाली झाले.

रोमची बाजू सरळ होती. आश्रयदातृत्व हा हक्क असला तरी त्याच्या पोटात कर्तव्य आहे. बिशप नेमायचे नाहीत, पैसा द्यायचा नाही आणि दुसऱ्यालाही काही करू द्यायचे नाही, हे चालणार नाही. गोव्याच्या पक्षाचे म्हणणेही पोकळ नव्हते. हा हक्क कराराने मिळालेला आहे, त्यातला एक पक्ष तो एकतर्फी मोडू शकत नाही आणि राजाची संमती नसलेले आज्ञापत्र पोर्तुगीज कायद्याने लागू होत नाही, असे ते मांडत. या कायदेशीर मुद्द्यांच्या खाली आणखी एक गोष्ट होती, जी त्या काळच्या पत्रकांत दबक्या आवाजात येते. पद्रोआदोचे बहुतेक धर्मगुरू गोव्याचे, देशी होते. प्रोपगांडाचे बहुतेक युरोपीय होते. आज्ञापत्र मानले असते तर शंभर वर्षे पडझडीत चर्चे सांभाळणाऱ्या देशी माणसांनी परक्या माणसांच्या हाती किल्ल्या द्यायच्या होत्या.

त्यांनी किल्ल्या दिल्या नाहीत. या नकाराला प्रोपगांडा पक्षाने ‘गोव्याची फूट’ असे नाव दिले आणि चर्चच्या इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकांतून ते रूढ झाले. हा शब्द तपासल्याशिवाय वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. कॅथलिक परिभाषेत फूट म्हणजे पोपचे प्रमुखत्वच नाकारणे. गोव्याच्या पक्षाने ते कधी नाकारले नाही. मिस्सेत पोपचे नाव घेतले जात होते, एकाही धर्मतत्त्वावर मतभेद नव्हता. आज्ञा मोडली गेली हे खरे आहे आणि तिची गंभीरता कमी लेखण्याचे कारण नाही. १८५३ साली मुंबईतल्या काही धर्मगुरूंना रोमने नावानिशी दोषी ठरवले. पण अधिकारक्षेत्राच्या भांडणाला धर्मद्रोहाचे नाव दिल्यामुळे साध्या भाविकांवर केवढा भार पडला, हे त्या पुस्तकांत दिसत नाही. शेजारच्या चर्चमध्ये लागलेले लग्न वैध की अवैध, तिथल्या पाद्रीने दिलेली पापक्षमा लागू पडते की नाही, हे प्रश्न स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले होते.

१८५३ साली माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये हा वाद हातघाईवर आला. तिथल्या धर्मग्रामातला मोठा गट पद्रोआदोकडे जाण्याच्या तयारीत होता. ते कळताच व्हिकर अपोस्टोलिक असलेले बिशप हार्टमन स्वतः चर्चमध्ये शिरले आणि आपल्या माणसांसह आतून दारे लावून बसले. चर्च सोडण्यापेक्षा मरण पत्करण्याची त्यांची तयारी होती. बाहेर विरोधी गटाने वेढा घातला आणि आत जाणारी रसद अडवली. हे सुमारे पंधरा दिवस चालले. शेवटी सरकारी अंमलदारांनी मध्ये पडून दारे उघडली आणि चर्च पद्रोआदो पक्षाकडे गेले. आज दर बुधवारी ज्या चर्चमध्ये नोव्हेना या प्रार्थनेसाठी सर्व धर्मांच्या लोकांची रीघ लागते, ते हेच चर्च.

हा वाद मिटवण्यासाठी रोम आणि पोर्तुगाल यांनी १८५७ साली केलेला करार कागदावर राहिला. १८८६ साली मात्र त्यांच्यात मोठा करार झाला आणि मुंबईला स्वतःचा महाधर्मप्रांत मिळाला. पद्रोआदोची चर्चे नव्याने उभ्या केलेल्या दमणच्या धर्मप्रांतात गेली. फुटीचा आरोप संपला, पण एका शहरात दोन बिशप राहिलेच.

‘ईस्ट इंडियन’ हे नाव याच काळातले आहे. सरकारी कागदांत उत्तर कोकणातले मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक ‘पोर्तुगीज ख्रिश्चन’ म्हणून नोंदले जात आणि नोकरीसाठी आलेले गोवेकरही त्याच नावाखाली येत. दोघांत फरक दिसावा म्हणून स्थानिकांनी १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली त्या निमित्ताने, हे नवे नाव घेतले. कोळी, भंडारी, कुणबी, सामवेदी अशा निरनिराळ्या मुळांच्या समाजांवर कंपनीच्या नावाची छाया असलेला इंग्रजी शब्द बसला आणि तो आजही वादाचा आहे. वसईतल्या अनेकांना तो आपला वाटत नाही. नोकरीच्या स्पर्धेइतकाच या नामांतराला ‘पोर्तुगीज’ या शब्दाभोवतीचा जुना चर्चवाद कारणीभूत होता, असे मला वाटते.

१५ एप्रिल १९२८च्या कराराने दुहेरी अधिकार संपला. दमणचा धर्मप्रांत मोडून त्याची मुंबई–वसईकडील धर्मग्रामे मुंबईला जोडली गेली आणि आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश असावा असे ठरले. पहिले पोर्तुगीज आले, दुसरे इंग्रज. या दुसऱ्या आर्चबिशपांनी आपल्या जागी भारतीय माणूस यावा म्हणून मार्ग मोकळा केला. १८ जुलै १९५० रोजी पोर्तुगालने स्वतंत्र भारतातील नेमणुकांवरचा हक्क सोडला, त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये व्हॅलेरियन ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले आणि १९५३ साली भारताचे पहिले कार्डिनल.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली. १९९८ साली वसईचा धर्मप्रांत मुंबईपासून वेगळा झाला आणि पापडीचे कृपामाता चर्च त्याचे कॅथेड्रल ठरले. त्याचे पहिले बिशप वसईचेच होते आणि त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध संत तुकारामांवर होता.