सगळी चरबी हृदयाची वैरी नसते

‘तेल-तूप बंद करा, हृदय ठणठणीत राहील’ हा सल्ला अर्धवट आहे, आणि त्याने नुकसानही केलं आहे. प्रश्न चरबी किती खाल्ली एवढाच नाही. कोणती खाल्ली आणि ती कमी करून तिच्या जागी काय घेतलं, हा खरा मुद्दा आहे.

अमेरिकेत सुमारे 49 हजार स्त्रियांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत एकूण चरबी कमी करायला लावली. सरासरी 8 वर्षांनी, 2006 साली निकाल आले: हृदयविकारात लक्षणीय घट नाही.

संपृक्त चरबीने (लोणी, चरबीयुक्त मांस, खोबरेल) रक्तातलं एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) वाढतं आणि ते धमन्यांच्या भिंतीत साचतं. तिच्याऐवजी सूर्यफूल, सोयाबीनसारखी तेलं, अक्रोड, मासे घेतले तर धोका कमी होतो. पण तिची जागा मैदा आणि साखरेने घेतली, तर फायदा जवळपास शून्य. ‘लो-फॅट’ लिहिलेल्या कित्येक पदार्थांत नेमकं हेच होतं, म्हणून पाकिटामागची साखर जरूर वाचा.

म्हणून ‘लोणी निर्दोष ठरलं’ हा उलटा दावाही मला पटत नाही.

ट्रान्स फॅटबद्दल मात्र वादच नाही. तेलाचं अंशतः हायड्रोजनीकरण केलं (हायड्रोजन मिसळून ते घट्ट केलं) की ती तयार होते; एलडीएल वाढवते, शिवाय एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) घटवते. डेन्मार्कने 2003 मध्येच तिच्यावर कडक मर्यादा घातली. घटकांच्या यादीत ‘अंशतः हायड्रोजनीकृत तेल’ दिसलं, तर ते पाकीट परत ठेवा.