दुधाची पिशवी आणि लेट्रोझोल

सकाळी साडेसहाला मावशी ओट्याशी उभी असते आणि दुधाच्या पिशवीचा कोपरा तिला कापता येत नाही. बोटं मिटतच नाहीत. नळाच्या गरम पाण्याखाली पाच-सात मिनिटं हात धरले, मुठी उघडझाप केल्या की कुठे कात्री हातात बसते. वय 62, संधिवाताचा इतिहास नाही. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन होऊन वर्ष झालंय. आता रोज 2.5 मिलिग्रॅमची एक गोळी, लेट्रोझोल. उपचार संपताना तिला सांगितलं गेलं होतं, "मोठं सगळं झालं, आता फक्त गोळी."

मला तो 'फक्त' खटकतो. ही गोळी पाच वर्षं घ्यायची असते, काहींना सात, काहींना दहा. केमोच्या वेळी घरात माणसांची ये-जा असते, शेजारी डबा देतात. गोळीच्या पाच वर्षांत डबा कोण देणार? बाई तर बरी झालेली असते ना!

रिपोर्टवर 'ईआर पॉझिटिव्ह' लिहिलेलं असतं तेव्हा त्या गाठीच्या पेशी वाढीसाठी इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनवर अवलंबून असतात. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी 1896मध्ये अंडाशय काढल्यावर स्तनातल्या गाठी आक्रसल्याचं नोंदवलं, तेव्हा इस्ट्रोजेनला नावसुद्धा नव्हतं. आजची औषधं तेच काम बिनशस्त्राने करतात, पण दोन वेगळ्या वाटांनी. टॅमॉक्सिफेन हे पेशीतल्या इस्ट्रोजेनच्या जागेवर स्वतः जाऊन बसतं, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी तसं. इस्ट्रोजेन रक्तात हिंडत राहतं, पण त्याला बसायला जागा नाही. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन ही दुसरी जात. पाळी गेल्यावरही चरबीत आणि स्नायूंत अरोमाटेज नावाचं विकर (एन्झाइम) थोडंथोडं इस्ट्रोजेन बनवत असतं. या गोळ्या ते विकरच बंद पाडतात.

टॅमॉक्सिफेनचा जन्म गंमतशीर आहे. इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी ते 1962मध्ये बनवलं, तेव्हा शोध गर्भनिरोधक गोळीचा चालला होता. त्या कामात ते नापास झालं. पुढे पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलेल्या हजारो स्त्रियांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा पहिल्या 15 वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू साधारण एक-तृतीयांशाने कमी झालेले दिसले. ही गोळी सोडवत नाही ती यासाठी.

त्रास कुठला होणार, हे वाटेवरून ठरतं. टॅमॉक्सिफेन स्तनात इस्ट्रोजेनला अडवतं, पण गर्भाशयात मात्र इस्ट्रोजेनसारखंच वागतं. म्हणून अंगावरून पांढरं जाणं, अस्तर जाड होणं आणि क्वचित गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग. रक्ताच्या गुठळीचा धोकाही थोडा वाढतो. एकच पोटरी सुजून दुखू लागली, अचानक धाप लागली किंवा पाळी जाऊन वर्षं झाल्यावर रक्त दिसलं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. अरोमाटेज अडवणाऱ्या गोळ्यांमध्ये ही भीती कमी, पण हाडं आणि सांधे त्याची किंमत मोजतात.

अंगातून वाफा निघणं दोन्हीकडे. जानेवारीत नाशिकला सगळे गोधडीत आणि ही एकटी पंखा लावून बसलेली. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये शरीराचं तापमान सांभाळणारी यंत्रणा असते. तिच्या शेजारच्या काही चेतापेशींना इस्ट्रोजेन लगाम घालून ठेवतं. लगाम सुटला की यंत्रणा उतावीळ होते. एरवी लक्षातही आली नसती अशी उष्णता, एक कप चहा, कुकरपाशी दोन मिनिटं, तिला पुरते. लगेच त्वचेकडे रक्त धावतं आणि घामाच्या धारा. यावर व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेंटिन किंवा ऑक्सिब्युटिनिन चालतं. पहिलं नैराश्याचं औषध म्हणून ओळखलं जातं, त्यामुळे चिठ्ठी हातात पडली की "मला काय वेड लागलंय?" असा प्रश्न येतो. नाही हो. इथे ते वाफांसाठीच दिलेलं असतं. मात्र त्याच कुळातली पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन टॅमॉक्सिफेनसोबत टाळतात, कारण टॅमॉक्सिफेनचं कामाच्या रूपात, म्हणजे एंडॉक्सिफेनमध्ये, रूपांतर करणारं यकृतातलं विकर ती अडवतात.

आता हळद. आपल्याकडे कर्करोगाचं नाव निघालं की कोणीतरी हळदीच्या कॅप्सूलची बाटली घेऊन येतोच. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला 2019मध्ये एक छोटा अभ्यास झाला. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांना हळदीतलं कर्क्युमिन आणि मिऱ्यातलं पिपरीन मोठ्या मात्रेत दिलं, तर रक्तातलं एंडॉक्सिफेन सरासरी 12 टक्क्यांनी घटलं. मात्रा रोज साडेतीन ग्रॅमहून जास्त कर्क्युमिनची होती. हळदीत कर्क्युमिन जेमतेम तीन-चार टक्के असतं, तेव्हा फोडणीतल्या चिमटीची काळजी नको. कॅप्सूल मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको.

मावशीचं दुखणं सांध्यांचं. इथे एक आकडेवारी मला फार बोलकी वाटते. स्तनाच्या कर्करोगाचा धोका जास्त असलेल्या, पण कर्करोग न झालेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांवर आयबिस-2 ही चाचणी झाली. निम्म्यांना ॲनास्ट्रोझोल, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. सांधे-स्नायूंचा त्रास औषधवाल्यांत 64 टक्क्यांना झाला. आणि बिनऔषधाच्या गोळीवाल्यांत? 58 टक्क्यांना. याचा अर्थ दुखणं मनाचे खेळ आहेत असा अजिबात नाही. त्या वयात सांधे दुखतातच, आणि गोळी त्यात भर घालते. पण आपल्या बोटांतला वाटा वयाचा किती आणि गोळीचा किती, हे बाहेरून कळत नाही. म्हणून डॉक्टर कधीकधी दोन-तीन आठवडे गोळी थांबवून बघतात. बोटं सुटली तर उत्तर मिळालं.

मग गोळी बदलता येते. तिन्ही एकाच जातीच्या असल्या तरी एक सोसली नाही म्हणून दुसरी सोसणार नाही असं नसतं. फ्रान्समधल्या एका अभ्यासात ॲनास्ट्रोझोलने सांधे धरलेल्या बायकांना महिनाभराच्या विश्रांतीनंतर लेट्रोझोल दिलं. दहातल्या सातजणी सहा महिन्यांनीही ते घेत होत्या. दुसरा उपाय ऐकून मावशी चिडली होती: व्यायाम. दुखतंय म्हणून आले तर म्हणे चाला! पण अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या चाचणीत आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि दोनदा वजनं उचलणं, असं वर्षभर केलेल्यांचं सर्वांत वाईट दुखणं 29 टक्क्यांनी उतरलं. व्यायाम न सांगितलेल्या गटात ते जागचं हललं नाही.

हाडांचं मात्र दुखत नाही, हीच अडचण. ती मुकाट्याने विरळ होतात. सुरुवातीलाच हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करावा, ड जीवनसत्त्व तपासावं. नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेव्हा भाकरी उत्तमच, पण स्कॅन खराब आला तर नुसत्या भाकरीवर भागत नाही. हाडांची झीज रोखणारं झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन लागू शकतं, आणि त्याआधी दातांची कामं उरकून घ्यायची असतात.

एक त्रास तपासणीच्या खोलीत उच्चारलाच जात नाही. योनीचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळी आग, लघवीची जळजळ. कसा उच्चारणार, शेजारच्या खुर्चीत फाइल घेऊन मुलगा नाहीतर दीर बसलेला असतो. त्याला सरळ बाहेर पाठवावं. हार्मोन नसलेली मॉइश्चरायझर आणि ल्युब्रिकंट औषधांच्या दुकानात मिळतात आणि बऱ्याचजणींचं त्यावर भागतं. इस्ट्रोजेनचं मलम मात्र स्वतःहून आणायचं नाही, विशेषतः अरोमाटेज अडवणारी गोळी चालू असताना. पाळी न गेलेल्या तरुण बाईने आणखी एक लक्षात ठेवावं: टॅमॉक्सिफेनवर पाळी थांबली तरी दिवस राहू शकतात आणि गर्भाला धोका असतो. कॉपर-टी चालते, हार्मोनच्या गोळ्या नाहीत.

फ्रान्समध्येच पाळी न गेलेल्या 1,177 स्त्रियांच्या रक्तात, गोळी लिहून दिल्यावर वर्षभराने, टॅमॉक्सिफेन मोजलं गेलं. 188 जणींच्या रक्तात ते पुरेसं नव्हतं. त्यांतल्या 104 जणींनी आपण गोळी नीट घेतो असं सांगितलं होतं. मला त्या खोटारड्या वाटत नाहीत. त्रास सांगितला तर "एवढं तर सोसायलाच हवं" ऐकावं लागेल, हे बहुतेक त्यांना ठाऊक असावं. मावशीच्या डब्यातही उन्हाळ्यात अकरा गोळ्या जास्त निघाल्या.

दिवाळीच्या आधी ती डॉक्टरांशी बोलली, अकरा गोळ्यांसकट. तीन आठवडे सुट्टी, मग एक्झेमेस्टेन, आणि संध्याकाळी सोसायटीभोवती सहा फेऱ्या. परवा सकाळी मी पिशवी कापायला हात पुढे केला तर तिने तो बाजूला सारला. कात्री तिच्याच हातात होती. गरम पाण्याचा नळ मात्र अजून दोन मिनिटं चालू असतो.