उपयुक्ततावाद म्हणजे बहुमताचं राज्य नव्हे

‘जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख, म्हणजे बहुमताला हवं ते नैतिक.’ उपयुक्ततावादाचा, म्हणजे कृती योग्य की अयोग्य हे तिच्यामुळे होणाऱ्या एकूण सुखदुःखावरून ठरवणाऱ्या विचाराचा, असा अर्थ फॉरवर्डमध्ये फिरतो, बीए-एमएच्या उत्तरपत्रिकांतही उतरतो. घोषवाक्यच असं आहे की घोटाळा होणं साहजिक.

आता हिशेब मांडू. गावात 100 घरं. खडी क्रशरमुळे 60 घरांना वर्षाला हजार-हजार रुपयांचा फायदा, पण धुळीने उरलेल्या 40 घरांच्या पिकाचं प्रत्येकी पाच हजारांचं नुकसान. ग्रामसभेत हात वर करायला लावले तर क्रशर पास. उपयुक्ततावादी मात्र बेरीज करतो: फायदा 60,000, तोटा 2,00,000. म्हणून नको. (सुख रुपयांत मोजता येत नाही, हे खरंच, इथे फक्त रीत बघा.) मतदानात डोकी मोजतात, इथे प्रत्येकाला किती लागलं तेही मोजतात.

पडताळायचं असेल तर या विचाराची बाजू मांडणारा जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाचा 1861 चा प्रसिद्ध निबंध ‘युटिलिटेरियनिझम’ ग्रंथालयात मिळेल. त्याच लेखकाने 1859 मध्ये, स्वातंत्र्यावर लिहिताना, बहुमताच्या जुलमाविरुद्ध इशारा दिला होता.

खरा आक्षेप वेगळाच आहे, आणि माझ्या मते जास्त वजनदार: बेरीज जुळली, तर हा हिशेब एखाद्याचा बळीही मान्य करू शकतो.