कोरोनात नोटरीवर घेतलेलं घर आता नावावर कसं करायचं?

मार्च 2020 च्या शेवटी टाळेबंदी लागली आणि खरेदीखतांची नोंदणी थांबली. पुढे कार्यालयं उघडली, पण गर्दीत जायला माणूस घाबरत होता. त्या दिवसांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडे माझ्या पाहण्यातले कितीतरी सौदे शंभराच्या स्टॅम्पवर, नोटरीचा शिक्का मारून उरकले गेले. माझ्या मावसभावाने अमळनेर तालुक्यात असंच घर घेतलं. पैसे दिले, किल्ली घेतली, राहायला गेला. तो कागद चार घड्या घालून, प्लास्टिकच्या पिशवीत, धान्याच्या कोठीमागे ठेवलेला होता. मी उघडून पाहिला तेव्हा घडीवरचा शिक्का पुसट झालेला होता.

नोटरीने सही खरी असल्याची साक्ष मिळते, मालकी बदलत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत खरेदीखतानेच विकता येते. घरपट्टीची पावती तुमच्या नावाने निघते म्हणून निर्धास्त राहू नका, ती कराची पावती आहे.

जुनाच कागद आता नोंदवता येईल का, असं बरेच जण विचारतात. नाही. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवावा लागतो, दंड भरून आणखी चार महिने मिळतात. ती मुदत केव्हाच संपली. त्यामुळे नवं खरेदीखत करायचं आणि त्यात जुन्या सौद्याचा, तेव्हा दिलेल्या रकमेचा उल्लेख करायचा. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मध्ये मुद्रांक शुल्कात 3 टक्के आणि जानेवारी ते मार्च 2021 मध्ये 2 टक्के सवलत होती, ती आता लागू होत नाही. आजचा वार्षिक बाजारमूल्य दर (रेडी रेकनर) आणि ठरलेली किंमत, यांत जी रक्कम जास्त तिच्यावर शुल्क. नोंदणी फी 1 टक्का, पण 30,000 रुपयांच्या वर नाही. खरेदीदार फक्त स्त्रिया असतील तर राहत्या घरासाठी मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे, ती जरूर घ्या.

जुन्या कागदात ताबा दिल्याचं लिहिलं असेल तर कायदा त्या कागदालाच खरेदीखतासारखं धरतो, म्हणजे त्यावरही शुल्क आणि थकलेल्या रकमेवर दरमहा 2 टक्के दंड निघू शकतो. तो कागद लपवू नका. आधी वकिलाला दाखवा आणि मग दस्त लिहा.

प्रत्येक मिळकतीचा दस्त होईलच असं नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात, म्हणजे अक्राणी, शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या भागांत, जमीन मूळ आदिवासी खातेदाराची आहे का हे पहिल्यांदा बघा. असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे परवानगी नसताना बिगर-आदिवासीच्या नावे ती होत नाही. भोगवटादार वर्ग 2 च्या, म्हणजे विक्रीवर बंधन असलेल्या जमिनीलाही परवानगी लागते. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा उतारा काढा आणि स्वामित्व या गावठाण मोजणीच्या योजनेत, जी 24 एप्रिल 2020 ला म्हणजे टाळेबंदीतच सुरू झाली, मिळकत पत्रिकेवर कोणाचं नाव लागलं तेही बघा. ले-आऊटमधल्या प्लॉटला सातबारा आणि एनए (बिगरशेती) आदेश लागेल. शहरात मिळकत पत्रिका आणि बांधकाम परवानगी. विकणाऱ्यावर कर्ज असेल तर बँकेचा बेबाकी दाखला घ्या आणि बोजा उतरल्याचा फेरफार स्वतः डोळ्यांनी बघा.

सगळ्यात अवघड प्रकरण म्हणजे विकणारा कोरोनातच गेला असेल तर. मावसभावाचं नेमकं हेच झालं. मग आधी वारस नोंद, आणि खरेदीखतावर सगळ्या वारसांच्या सह्या. बायको आणि मुलगे आठवतात, पण हिंदू कुटुंबात मुलगीही तेवढीच वारस असते, तिच्या लग्नाला वीस वर्षं झाली तरी. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मतःच असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात स्पष्ट केलं. मयताची आई हयात असेल तर तीही वारस, आणि हिला हमखास विसरतात. वारसांत अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालचं मूल असेल आणि त्याचा स्वतःचा हिस्सा विकायचा असेल तर पालकाला आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. यात घाई करून त्या पोराचं नुकसान करू नका, त्याने आधीच खूप गमावलंय.

मावसभावाच्या प्रकरणात विकणाऱ्याची मुलगी सुरतेला दिली होती. तिकडच्या सब-रजिस्ट्रारसमोर तिच्या भावाच्या नावे मुखत्यारपत्र करता आलं असतं. पण ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली आणि दोन दिवस जास्त राहून सही करून गेली.

राहिलेली रक्कम बँकेतूनच द्या. मिळकतीच्या व्यवहारात 20,000 आणि त्यावरची रोख चालत नाही. किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर 1 टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या रकमेतून कापायचा प्राप्तिकर) कापून भरायचा.

प्रत्यक्ष नोंदणीसाठी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर दस्ताची माहिती भरा, ग्रास या सरकारी ऑनलाइन भरणा प्रणालीवर शुल्क भरा, ई-स्टेप-इन या ऑनलाइन सोयीवर नोंदणीची वेळ घ्या. सोबत सगळ्यांची आधार आणि पॅन कार्डं, पॅन नसेल तर तसं घोषणापत्र, फोटो, उतारे आणि ओळख पटवणारे दोन साक्षीदार. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी निबंधक घरी येऊन सही-अंगठा घेऊ शकतात, तसा अर्ज करा.

आमच्या वेळी म्हाताऱ्या आजींचा अंगठा यंत्र घेईना. आयुष्यभर निंदणी-कापणी करून रेषाच झिजलेल्या. पदराने पुसला, ओलसर केला, चौथ्यांदा उमटला. तुमच्याकडेही असं माणूस असेल तर सकाळची पहिली वेळ घ्या.

नोंदणी झाली की सूची क्रमांक 2 (इंडेक्स 2, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) ताब्यात घ्या. सातबाराची मिळकत असेल तर फेरफारासाठी तलाठ्याची नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात. गावठाणात ग्रामपंचायतीला आणि शहरात भूमापन कार्यालयाला अर्ज द्यावा लागतो. मग वीज मीटर आणि नळाचं नाव बदलायचं.

विकणारा किंवा वारस सहीच देत नसतील तर दिवाणी न्यायालयात दावा करावा लागतो. त्याला मुदत तीन वर्षांची: कागदात खरेदीखताची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर नकार कळल्यापासून. 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळलेला आहे. कोणी तोंडी नकार दिला असेल तर तो दिवस लिहून ठेवा आणि याच आठवड्यात वकिलाकडे जा.