अपॉस्ट्रॉफी पाटीवरून का उतरला?

अपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षराच्या डोक्याशी येणारी स्वल्पविरामासारखी खूण (’), इंग्रजीत आला सोळाव्या शतकात, फ्रेंच छपाईच्या वाटेनं, आणि आला तो गाळलेल्या अक्षराची खूण म्हणून. मालकी दाखवायचं काम त्याला मागाहून चिकटलं. जुन्या इंग्रजीत षष्ठीचा एक प्रत्यय ‘ईएस’ होता. त्यातला ‘ई’ गळाला आणि त्या जागी खूण राहिली. अनेकवचनी नामांत ‘एस’च्या पुढे खूण करण्याची रीत अठराव्या शतकाच्या अखेरीस रुळू लागली. शाळेत आज ज्या ‘इट्स’वर मार्क कापले जातात, त्यात मालकीच्या (‘त्याचा’ या) अर्थानंही त्या काळी सर्रास खूण टाकत.

पुढची भांडणं पाट्यांवरची. अमेरिकेत स्थळनामांतून ही खूण वगळण्याचं सरकारी धोरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासूनचं. मार्थाज व्हिनयार्ड या बेटाला १९३३ मध्ये सूट मिळाली, तशी नावं बोटांवर मोजण्याइतकीच. ब्रिटनमध्ये मात्र सगळा खिचडी कारभार. लंडनच्या भुयारी रेल्वेत अर्ल्स कोर्टला खूण आहे, पिकॅडिली मार्गावरच्या पुढच्याच बॅरन्स कोर्टला नाही.

२००९ मध्ये बर्मिंगहॅमच्या पालिकेनं पाट्यांवर खूण न देण्याचं ठरवलं. किंग्ज हीथ (शहराचा एक भाग; नावाचा अर्थ ‘राजाचं माळरान’) आता राजाच्या मालकीचं कुठे आहे, असा युक्तिवाद झाला. (मग ‘किंग’ तरी कशाला ठेवला?) केंब्रिजनं दिलेलं कारण अधिक गंभीर होतं: खुणेमुळे रुग्णवाहिका, अग्निशमन यांचा पत्त्यात घोळ होऊ शकतो. पण मदत मागणारा माणूस फोनवर पत्ता तोंडानं सांगतो आणि ही खूण ऐकूच येत नाही. तिथं रात्री कुणीतरी काळ्या मार्करनं पाट्यांवर खुणा काढून ठेवल्या आणि २०१४ मध्येच पालिकेनं माघार घेतली.

२०२४ मध्ये इंग्लंडमधल्या हॅरोगेट गावात सेंट मेरीज वॉकची नवी पाटी बिनखुणेची लागली, तेव्हाही मार्कर निघालाच. या वेळी कारण होतं संगणकाचं: अशी चिन्हं पत्त्यांच्या माहितीसाठ्यात शोधताना अडचण करतात. अडचण खरी आहे. सरळ खूण आणि वळणदार खूण संगणकाला दोन वेगळी अक्षरं वाटतात, शिवाय काही प्रणालींत ते चिन्ह आज्ञेचा भाग असतं. तरी शोधताना चिन्ह दुर्लक्षित करणं हे प्रोग्रामरचं रोजचं काम. त्यासाठी लोखंडी पाटी बदलायची गरज नव्हती. रहिवाशांनी आवाज उठवल्यावर त्याच वर्षी तिथलाही निर्णय फिरला.