विमान चुकलं तर किती पैसे जातात, किती परत मिळतात? सोलापूरहून प्रवास करणाऱ्यांसाठी माहिती

सोलापूरकराला विमान पकडायचं म्हणजे आधी रस्ता पकडावा लागतो. होटगी रोडच्या विमानतळावरून २०२५ मध्ये गोवा आणि मुंबईच्या फेऱ्या सुरू झाल्या, पण दिल्ली, कोलकाता किंवा आखाती देशांत जायचं असेल तर आजही पुण्याचं लोहगाव, हैदराबादचं शमशाबाद नाहीतर मुंबई गाठावी लागते. पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या आसपास. त्यामुळे आपल्याकडच्या माणसाचं विमान विमानतळावर कमी आणि पाटसच्या टोलनाक्यावर किंवा हडपसरच्या कोंडीत जास्त चुकतं. आषाढी वारीच्या दिवसांत तर तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड अशी याच रस्त्याने येते आणि वाहतूक वळवली जाते. ते दिवस कॅलेंडरवर बघूनच तिकीट काढावं.

पण याची दुसरी बाजूही आहे. उशीर होणार हे आपल्याला गाडीत बसल्याबसल्याच, बऱ्याचदा दोन-तीन तास आधी कळलेलं असतं. तेवढ्या वेळात मोबाइलवर निर्णय घेतला तर तिकिटातले काही पैसे वाचतात. ‘बघू, पोचू कदाचित’ म्हणत बसलं तर बहुतेक सगळे जातात.

घड्याळाचे तीन काटे

तिकिटावर सुटण्याची वेळ असते, पण आपल्याला तीन वेगळ्या वेळा लक्षात ठेवायच्या असतात. पहिली वेळ तिकीट बदलण्याची किंवा रद्द करण्याची. देशांतर्गत प्रवासात बहुतेक कंपन्या ही सोय विमान सुटण्याच्या साधारण दोन तास आधी बंद करतात, काही त्याहूनही आधी. आंतरराष्ट्रीय तिकिटाला ही मुदत आणखी लवकर संपते. दुसरी वेळ चेक-इन काउंटरची. देशांतर्गत विमानांना मोठ्या कंपन्यांचा काउंटर ६० मिनिटं आधी बंद होतो. आंतरराष्ट्रीय विमानांना निदान तेवढा वेळ धरा, काही ठिकाणी ७५ मिनिटं. तिसरी बोर्डिंग गेटची, ते २० ते २५ मिनिटं आधी बंद होतं. नेमके आकडे तुमच्या ई-तिकिटाच्या खालच्या बारीक अक्षरात असतात. निघण्याआधी ते वाचून ठेवा.

इथे एक सोय अनेकांच्या लक्षात येत नाही. देशांतर्गत प्रवासात वेब चेक-इन झालेलं असेल आणि फक्त हातातली बॅग असेल, तर काउंटर बंद झाला म्हणून परत फिरू नका. तुमचं काउंटरवर काहीच काम नसतं. थेट सुरक्षा तपासणीकडे जा, गेट बंद होईपर्यंत तुमचं विमान चुकलेलं नाही. पुणे आणि हैदराबाद दोन्हीकडे डिजियात्रा, म्हणजे चेहरा ओळखून आत सोडणारी सोय आहे, त्याने प्रवेशाची रांग वाचते. उलट लोणच्याच्या बरण्या, कडक भाकरी आणि शेंगा चटणीचे डबे घेऊन निघालेल्या कुटुंबाला काउंटरवर सामान द्यावंच लागतं. त्यांच्यासाठी ६० मिनिटांची रेघ हीच खरी रेघ.

मुदतीच्या आत: बदल की रद्द?

इंदापूरला पोचल्यावर गणित चुकतंय असं वाटलं की कंपनीचं ॲप उघडा. दोन पर्याय दिसतील. तारीख किंवा वेळ बदलली तर बदलाचं शुल्क आणि नव्या-जुन्या भाड्यातला फरक असे दोन्ही पैसे लागतात. शुल्क कमी दिसलं म्हणून लगेच बटण दाबू नका, त्याच दिवशीच्या पुढच्या विमानाचं भाडं बऱ्याचदा दुप्पट-तिप्पट झालेलं असतं. रद्द केलं तर रद्दीकरण शुल्क कापून उरलेलं परत येतं. हे शुल्क किती असावं यालाही मर्यादा आहे: डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार ते मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा. अडीच हजारांचं स्वस्त तिकीट शेवटच्या क्षणी रद्द करा किंवा सोडून द्या, हातात जवळपास सारखंच पडतं, कारण शुल्कच सगळं भाडं खातं. पण नऊ-दहा हजारांचं तिकीट असेल, चार जणांचं बुकिंग असेल, तर वेळेत रद्द करण्याने काही हजार वाचू शकतात. तिकीट जितकं महाग, तितकी घाई करा.

वेब चेक-इन झालेलं असेल तर ॲपवर बदलाचा पर्याय अनेकदा दिसत नाही. आधी चेक-इन रद्द करावं लागतं, तेही जमलं नाही तर कॉल सेंटरला फोन. यात पंधरा मिनिटं सहज जातात, म्हणून मुदतीच्या काठावर हे काम काढू नका. गाडी चालवणाऱ्याने तर मुळीच नाही, शेजारच्याला सांगा.

मुदत उलटली आणि विमान गेलं

आता तुम्ही कंपनीच्या भाषेत ‘नो-शो’, म्हणजे न आलेला प्रवासी. मूळ भाडं आणि इंधन अधिभार जप्त होतो. सीट, जेवण, जादा सामान यासाठी आगाऊ भरलेले पैसेही बहुधा जातात, आणि बुकिंगच्या वेळचं सुविधा शुल्क तर परत मिळतच नाही.

विमानतळावर असाल तर कंपनीच्या तिकीट काउंटरवर जाऊन शांतपणे विचारा: आजच्या पुढच्या विमानात घेता येईल का, आणि किती पैसे लागतील? काही वेळा नव्या तिकिटापेक्षा कमी पैशांत जागा मिळते. तो कंपनीच्या धोरणाचा आणि उपलब्ध जागांचा प्रश्न आहे, हक्काचा नाही, म्हणून आवाज चढवून उपयोग नाही. ते उत्तर ऐकतानाच मोबाइलवर दुसऱ्या कंपनीचं भाडं बघा आणि जे स्वस्त ते घ्या. सामान आधीच देऊन नंतर गेट चुकलं असेल तर तुमची बॅग विमानातून उतरवली जाते. ती घेण्यासाठी कंपनीच्या कर्मचाऱ्याबरोबरच बाहेर यावं लागतं, एकट्याने फिरू देत नाहीत.

जाण्या-येण्याचं तिकीट एकाच पीएनआरवर असेल तर थांबा आणि पहिल्यांदा फोन करा. अनेक कंपन्यांत, विशेषतः आंतरराष्ट्रीय तिकिटांवर, पहिला टप्पा चुकला की पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात. जिद्दाहून परतीच्या दिवशी विमानतळावर हे कळणं फार महागात पडतं. जाण्याचं नवं तिकीट काढण्याआधी परतीचं जिवंत आहे का, हे लेखी विचारून घ्या.

सोडून दिले जाणारे पैसे: कर आणि विमानतळ शुल्क

तिकीट वापरलं नाही, नो-शो झालं, तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं (वापरकर्ता विकास शुल्क, प्रवासी सेवा शुल्क वगैरे) प्रवाशाला परत द्यायची, असा डीजीसीएचा नियम आहे. सवलतीच्या, ‘नॉन-रिफंडेबल’ तिकिटालाही तो लागू आहे. आणि हा परतावा देण्यासाठी वेगळं प्रक्रिया शुल्क घेता येत नाही.

रक्कम फार मोठी नसते. देशांतर्गत प्रवासात सुरक्षा शुल्कच माणशी २०० रुपये आहे, म्हणजे चौघांचे ८०० झाले, त्यावर त्या-त्या विमानतळाचं विकास शुल्क. आंतरराष्ट्रीय तिकिटावर आकडा चांगलाच वाढतो. जीएसटीबाबत मात्र आशा कमी ठेवा. इकॉनॉमी तिकिटावर तो ५ टक्के असतो, आणि जप्त झालेल्या भाड्यावरचा जीएसटी कंपन्या सहसा परत करत नाहीत. माझं मत विचाराल तर आठशे रुपयांसाठी दहा मिनिटांचा अर्ज करावाच. न मागणाऱ्यांचे पैसे तसेच पडून राहतात.

पात्रतेची अट एवढीच: तिकीट तुमच्या नावावर, प्रवास झालेला नाही, आणि परतावा आधी घेतलेला नाही. उशीर का झाला हे कुणी विचारत नाही.

अर्ज आणि कागद

कंपनीच्या संकेतस्थळावर रिफंडचा किंवा ‘नो-शो’चा फॉर्म असतो. नसेल तर ग्राहक सेवेच्या ईमेलवर लिहा. पीएनआर, प्रवाशाचं आडनाव, प्रवासाची तारीख आणि विमान क्रमांक द्यावा लागतो. सोबत ई-तिकिटाची पीडीएफ, भाड्याचा तपशील दाखवणारं बिल आणि ओळखपत्र ठेवा. पैसे ज्या कार्डातून किंवा खात्यातून गेले त्यातच परत येतात, त्यामुळे ते खातं बंद झालं असेल तर रद्द केलेला चेक लागेल. क्रेडिट कार्डाने भरलेले पैसे परत करायला कंपनीला सात दिवसांची मुदत आहे.

पैसे परत देण्याऐवजी कंपनीने ‘क्रेडिट शेल’ म्हणजे पुढच्या तिकिटासाठी जमा ठेवतो म्हटलं, तर नाही म्हणता येतं. ती निवड प्रवाशाची आहे. ऑफिसला किंवा एलटीसीला (नोकरीतल्या प्रवास सवलतीसाठी) दाखवण्यासाठी नो-शो झाल्याचं पत्र हवं असेल तर त्याच ईमेलमध्ये मागा. दवाखान्यात भरती झाल्यामुळे प्रवास चुकला असेल तर डिस्चार्ज कार्ड आणि डॉक्टरांचं पत्र जोडा. कंपनी करांपलीकडे काही सूट देण्याचा विचार करू शकते. प्रवास विमा असेल तर त्याची अट वाचा: रेल्वेला उशीर झाल्याचा दाखला काही विम्यांत चालतो, स्वतःच्या गाडीचं टायर पंक्चर झालं हे कारण बहुतेक विमा कंपन्या मान्य करत नाहीत.

एजंटकडून तिकीट काढलं असेल तर

नवी पेठेतल्या किंवा सात रस्त्याच्या ओळखीच्या एजंटकडून तिकीट काढायची आपली सवय जुनी आहे आणि त्यात वावगं काही नाही. पण दोन गोष्टी बजावून सांगा. बुकिंगमध्ये मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच टाकायला लावा. विमानाची वेळ बदलली की संदेश त्याच नंबरवर जातो, आणि पुरेसा संपर्क दिला नसेल तर विमान रद्द झाल्याची भरपाई नाकारायला कंपनीला कारण मिळतं. दुसरं, रिफंडसाठी ‘अजून कंपनीकडून आले नाहीत’ हे उत्तर कायम ऐकू नका. एजंट हा कंपनीचाच प्रतिनिधी मानला जातो आणि पैसे परत देण्याची जबाबदारी कंपनीवर आहे. कंपनीला थेट विचारा, पैसे कधी सोडले ते कळतं. एजंटचं स्वतःचं सेवा शुल्क मात्र गेलं असं समजा.

चूक तुमची नसेल तर

एकाच पीएनआरवर पुणे–दिल्ली–श्रीनगर असं तिकीट आहे आणि पहिलं विमान उशिरा पोचल्याने दुसरं चुकलं, तर पैसे भरू नका. पुढची व्यवस्था कंपनीने करायची असते. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर हा आधार मिळत नाही, म्हणून स्वस्त पडतं म्हणून तिकीट तोडताना विचार करा. वंदे भारत किंवा हुतात्मा एक्सप्रेस उशिरा पोचली, तर विमान कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

तुम्ही वेळेत हजर होता, तिकीट पक्कं होतं, तरी जागा भरल्या म्हणून चढू दिलं नाही, तर ते नो-शो नव्हे. एका तासाच्या आत दुसरं विमान दिलं तर भरपाई नाही. २४ तासांच्या आत दिलं तर एकेरी मूळ भाडं आणि इंधन अधिभाराच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर ४०० टक्के, कमाल २०,००० रुपये. अशा वेळी काउंटरवर उभं असल्याचा, वेळ दिसणारा फोटो काढून ठेवा.

तक्रार कुठे?

आधी कंपनीला लेखी, मग तिच्या नोडल, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. दाद मिळाली नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं एअरसेवा ॲप किंवा पोर्टल, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, म्हणजे विमान पुण्याहून चुकलं तरी अर्ज सोलापुरात चालतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ऑनलाइन अर्ज ई-जागृती पोर्टलवर करता येतो, आणि मुदत घटनेपासून दोन वर्षं.

पुण्याला निघताना थेऊर फाट्यावरून केसनंद, वाघोलीमार्गे लोहगाव हा पर्याय नकाशावर आधी बघून ठेवा, हडपसर टळतं. मुंबईहून विमान असेल तर टर्मिनल टी-१ की टी-२ हे तिकिटावर तपासा. आणि भिगवणचे मासे परतीच्या प्रवासात खा.